मोडली तर

“…आणि मोडली तर?”

सोमगिरीबाबांनी विचारलं. समोरच्या ताटात त्यांनी बेलाचं पान ठेवलं, त्यावर चिमूटभर भंडारा सोडला आणि हात मांडीला पुसला.

भास्करराव नलवडे गडबडले.

“मोडेल कशी, बाबा? देवापुढं बेलभंडार उचलल्यावर कुणाची छाती आहे मोडायची?”

“मोडली तर?”

“नाही मोडायची ती. माझी मुलगी आहे.”

“तिचं ती बघेल. मी तुला विचारतोय.”

भास्कररावांनी मुलीकडं पाहिलं. केतकी भिंतीला टेकून, गुडघे जवळ घेऊन बसली होती. पंचविशीची पोर, तालुक्याच्या माती परीक्षण केंद्रात नोकरी करणारी. पण आज बाप पुढं आणि ती मागं, अशी मुकाट टेकडी चढून आली होती.

आता ही शपथेची भानगड आधी सांगायला हवी.

टेकडीवरच्या या मठात पूर्वीपासून शपथा होत आल्यात. बांधाचं भांडण असो, भावाभावांची वाटणी असो, कुणावर आलेला चोरीचा आळ असो… लोक कोर्टाची पायरी चढण्याआधी मठाची पायरी चढायचे. ज्यानं शपथ घ्यायची त्यानं बेलाचं पान आणि भंडारा उजव्या हातानं उचलायचा. मग बाबा त्याच्या कपाळाला तोच भंडारा लावायचे. झालं, वाद मिटला.

पण मठाची एक रीत होती. शपथ मोडली तर काय व्हावं, हे घेणाऱ्यानं बोलायचं नाही. ते देणाऱ्यानं बोलायचं. स्वतःच्या तोंडानं, देवापुढं, खणखणीत आवाजात. दुसऱ्याला शपथेत बांधायचं असेल तर शापाचं पाप आधी आपल्या जिभेवर घ्यायचं.

भास्कररावांनी लहानपणापासून ही रीत बघितली होती. पण स्वतःवर कधी पाळी आली नव्हती, त्यामुळं ती त्यांच्या ध्यानातच राहिली नव्हती. त्यांच्या मनात हिशेब सोपा होता. पोरीनं पान उचलायचं, त्या इम्तियाज मुलाण्याचं नाव टाकलं म्हणायचं, कपाळ पिवळं करून खाली उतरायचं.

“बोल की,” बाबा म्हणाले. “केतकीनं ही शपथ मोडली तर तिचं… पुढं काय?”

“तिचं…”

शब्द येईना. आणि हा माणूस कोण? भर चौकात माईक हातात आला की तासभर न थांबणारा! धर्म, संस्कार, लेकीबाळींची अब्रू… विषय कुठलाही द्या, भास्कररावांची गाडी कधी अडली नव्हती.

“घरी काही बोलत असशील ना?” बाबांनी विचारलं.

भास्करराव खांद्यावरचं उपरणं सारखं करू लागले.

“रोज बोलतात,” केतकी म्हणाली.

तिचा आवाज बसलेला होता. बाबा तिच्याकडं वळले.

“काय म्हणतो गं?”

“म्हणतात, जन्मतःच मेली असतीस तर बरं झालं असतं.”

“रागात बोललो असेन!” भास्करराव उसळले. “बाप आहे मी. जीव जळतो म्हणून बोलतो.”

“बरोबर आहे,” बाबा म्हणाले. “मग इथं रागावू नकोस. शांतपणे बोल.”

…

भास्कररावांनी ताटाकडं बघितलं. नुसतं एक पान आणि चिमूटभर हळद. पण त्यांच्या मानेवरून घामाची धार सदऱ्यात उतरली. जिभेला हाड नसतं म्हणतात, घरात ते खरं होतं. त्या ताटापुढं मात्र जीभ टाळ्याला चिकटून बसली.

“बाबा, तुम्ही परीक्षा कुणाची बघताय? तिची का माझी?”

“ताट तू मागितलंस.”

“लहानपणापासून येतोय मी या मठात. खालपासून वरपर्यंतच्या पायऱ्या मी बांधून दिल्या…”

“हो. पाटीवर नाव आहे तुझं. येता-जाता वाचतो मी.”

भास्कररावांचा चेहरा पडला. बाबांच्या आवाजात टोमणा नव्हता, म्हणून तर ते जास्त लागलं.

“मुलाण्याचा पोरगा म्हणजे कुणाचा?” बाबांनी विचारलं. “बाबूलालच्या घरातला?”

“त्याचा नातू.”

“तुझ्या लग्नातलं गोंधळाचं बकरं बाबूलालनं कापलं होतं. तुझ्या बापानं त्याला नवं धोतर नेसवलं होतं मांडवात.”

“ते दिवस वेगळे होते, बाबा.”

“होय की. वेगळे झाले खरे.”

बाबांनी पुढं काही विचारलं नाही. नलवड्यांच्या घरचा मुलाण्याचा मान कुणी बंद केला, हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

“असं कर,” बाबा म्हणाले, “आज राहू दे. चार दिवस विचार कर आणि मग ये.”

“नाही!”

भास्करराव केवढ्यांदा ओरडले! केतकीनं दचकून मान वर केली.

“आजच व्हायला पाहिजे, बाबा. आत्ताच.”

“का रे?”

भास्कररावांनी दाराकडं नजर टाकली. दारातून टेकडीचा उतार दिसत होता आणि उताराच्या तळाशी, वडाखाली, उभी असलेली जीप.

“खाली पोरं थांबलीत,” ते हळू म्हणाले.

…

ही पोरं म्हणजे भास्कररावांचं मंडळ. गावात काम नसलेली, दिवसभर पारावर बसणारी पोरं त्यांनी गोळा केली, त्यांना ध्येय दिलं, झेंडा दिला, फोनवर एक ग्रुप काढून दिला. कुठली मुलगी कुठल्या मुलाबरोबर दिसली की त्या ग्रुपवर फोटो यायचा. पोरं शाबासकीची वाट बघायची आणि भास्करराव जेवता जेवता एका हातानं अंगठा द्यायचे.

एके दिवशी असाच एक फोटो आला. स्टँडसमोरचं रसवंतीगृह, बाकावर एक मुलगा, एक मुलगी. मुलगी हसत होती. भास्कररावांचा अंगठा उठलासुद्धा होता… आणि मग त्यांनी चेहरा बघितला.

आपली केतकी!

फोटोखाली वैभवनं एकच शब्द लिहिला होता. ‘भाऊ?’

वैभव म्हणजे मंडळातला त्यांचा उजवा हात. दुसऱ्या दिवशी तो आणखी काहीजणांना घेऊन घरी आला. सगळे सोफ्यावर नीट पाय जुळवून बसले. केतकीच्या आईनं चहा दिला, तेव्हा वैभव म्हणाला, “काकू, चहा झकास झालाय.” आणि निघताना दारात वाकून भास्कररावांच्या पाया पडला, मग वर बघून विचारलं, “भाऊ, तुम्ही सांभाळताय, का आम्ही सांभाळू?”

शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या वाकून केलेल्या नमस्कारानं भास्कररावांची पाचावर धारण बसली. कारण असा नमस्कार करायला त्यांनीच शिकवलं होतं. कुणाच्या घरी जायचं तर आधी मोठ्यांच्या पाया पडायचं, आवाज चढवायचा नाही, काम मात्र करून यायचं. परीटगल्लीतल्या एका मुलीच्या घरी ते स्वतः या पोरांना घेऊन गेले होते. तिच्या बापानं हात जोडले होते. ते घर आता कुलूप लावून बंद आहे. माणसं कुठं गेली, कुणी विचारलं नाही.

त्या दिवसापासून भास्कररावांना धड झोप नव्हती. मोटारसायकल थांबल्याचा आवाज आला तरी ते उठून खिडकीशी जायचे. बायकोला सांगायचे, अगं काही नाही, कुत्रं असेल. आणि ही सगळी भीती ते सकाळी उठून केतकीवर काढायचे. तिची नोकरी बंद, फोन काढून घेतलेला, बाहेरून कडी. तिच्या आईनं तर रक्तदाबाच्या गोळ्याच सोडल्या. “तू हो म्हणेपर्यंत घेणार नाही,” म्हणाली आणि भिंतीकडं तोंड करून निजली.

आणि आज मठात निघाले तर जीप मागं होतीच. टेकडीखाली वैभव म्हणाला, “भाऊ, निवांत या. ताईंच्या कपाळाला भंडारा दिसला की आमचं काम संपलं.”

“नाही दिसला तर?” असं विचारायचं धाडस भास्कररावांना झालं नव्हतं.

…

बाबांनी सगळं ऐकून घेतलं.

मग म्हणाले, “म्हणजे शपथ देवाला नको आहे. तुलाही नको आहे. त्या पोरांना पाहिजे.”

“कुणाला का पाहिजे असेना, पोरगी तर वाचेल!”

“मी घेते शपथ,” केतकी म्हणाली.

ती उठून ताटासमोर येऊन बसली.

“घेते मी. इम्तियाजचं नाव टाकते. नाहीतरी त्याच्या घरी तरी कुठं कुणाला मी पाहिजे आहे? त्याचे अब्बा म्हणतात, आधी कलमा पढू दे, नाव बदलू दे, मग उंबऱ्यात ये म्हणावं. तुम्ही म्हणता, माणूस बदल. मीच एकटी वेडी, कुणाला काही बदल म्हटलं नाही.” तिनं नाक ओढलं, ओढणीनं डोळे पुसले. “घेते. आईनं गोळी खायला पाहिजे. पण अण्णा, माझीही एक शपथ आहे. ती तुम्ही घ्यायची.”

“मी? कसली?”

“इम्तियाजच्या केसाला धक्का लागणार नाही. मी नाव टाकल्यावर मंडळातला कुणीही त्याच्या वाटेला जाणार नाही. एवढीच.”

भास्कररावांच्या जिवात जीव आला. हे काय अवघड होतं! त्यांनी सदऱ्याची बाही वर सारली. कितीतरी दिवसांनी त्यांचा चौकातला आवाज परत आला.

“घेतली! अगं, पोरं माझ्या शब्दाबाहेर आहेत का? मी बस म्हटलं की बसतात, ऊठ म्हटलं की उठतात.”

“मग उचल,” बाबा म्हणाले.

भास्कररावांनी हात पुढं केला. बोटांनी बेलाचं पान धरलं.

“थांब. रीत आहे,” बाबा म्हणाले. “केतकी, शपथ तू देतेस. मोडली तर काय, ते तू बोलायचं.”

केतकीनं बापाच्या डोळ्यांत बघितलं.

“मोडली तर पहिला घाव माझ्यावर पडो.”

“केतू!”

“शाप नाही देत, अण्णा. होईल तेच बोलतेय. ती पोरं त्याच्यावर धावली तर मी काय घरात बसून राहणार आहे का? मी मधे जाणारच.”

“उचल, भास्करा,” बाबा म्हणाले.

पान बोटांत होतं. नुसतं ताटापासून वर उचलायचं. भास्कररावांच्या डोळ्यांसमोर वैभव आला… वाकलेला, हसणारा. वैभव आपल्या शब्दात आहे का? आहे. म्हणजे असावा. मागच्या महिन्यात आपण नको म्हटलं होतं तरी पोरं एका बेकरीवर चालून गेली होती. नंतर म्हणाली, भाऊ, तुमचं वय झालं, तुम्ही त्रास नका घेऊ. सगळे हसले होते. आपणही हसलो होतो.

पान बोटांत कललं. पानावरचा भंडारा सतरंजीवर सांडला.

“बाबा… मला नाही उचलता येत.”

“का?”

“माझ्या हातात नाही ते.”

भास्करराव नलवड्यांनी पान खाली ठेवलं आणि उपरण्यात तोंड झाकून ते रडायला लागले. आतडं पिळवटून रडले. केतकीनं बापाला असं कधी बघितलं नव्हतं. तिचा हात त्यांच्या पाठीकडं गेला, पण मधेच थांबला. बाहेरच्या कडीचा आवाज अजून तिच्या कानात होता.

…

खालून हॉर्न वाजला.

भास्कररावांनी झटकन डोळे पुसले. घाबरलेल्या माणसाला नको तिथं अक्कल सुचते, तशी त्यांना सुचली.

“बाबा, एक करा. शपथ राहू दे. तिची नको, माझी नको. नुसता भंडारा लावा तिच्या कपाळाला. पोरांना खालून काय कळतंय?”

बाबांनी नाही म्हटलं नाही. त्यांनी अंगठा भंडाऱ्यात बुडवला आणि केतकीच्या कपाळापाशी नेला.

“लावू, बाळ? आजचा दिवस निघेल.”

केतकी हलली नाही. “आणि उद्या, बाबा?”

“ते तुझ्या बापाला विचार. त्याला माहीत असणार.”

केतकीनं बापाकडं बघितलं. माहीत होतंच त्यांना. परीटगल्लीतल्या त्या बापाकडं आधी नुसतं वचन मागितलं होतं. त्यानं दिलं. मग म्हटलं, मुलीला नोकरी सोडायला लावा. त्यानं सोडायला लावली. मग म्हटलं, आता आमच्या पसंतीचं स्थळ बघा. तो प्रत्येक वेळी हो म्हणाला होता आणि प्रत्येक वेळी पोरांना वाटलं होतं, हा आणखी वाकेल.

“नका लावू,” भास्करराव म्हणाले.

बाबांनी अंगठा पुसला.

पुन्हा हॉर्न. या वेळी लांबलचक. मग पायऱ्यांच्या तळातून वैभवची हाक आली, गोड, लांबवलेली. “भाऊऽऽ… झालं का? का वर येऊ?”

केतकी मागं भिंतीला सरकली. तिनं ओढणी घट्ट ओढून घेतली. भास्कररावांनी तिच्याकडं बघितलं आणि त्यांना पहिल्यांदाच समजलं, की दाराबाहेरून आपण रोज ओरडायचो तेव्हा आतमध्ये ही अशीच बसलेली असायची. असंच अंग चोरून, अशीच ओढणी धरून.

ते उठले. खांबाला धरून उभे राहिले.

“तू इथंच थांब, केतू. मी जातो. त्यांना सांगतो, माझ्या मुलीच्या कपाळाला मी काही लावू दिलं नाही. काय करायचं ते माझं करा. आणि मुलाण्याकडं जातो, त्या पोराला गाठतो… त्याला सांगतो, काही दिवस गाव सोड. आणि घरी फोन लाव. तुझ्या आईला सांग, गोळी घे. म्हणावं, अण्णांनी सांगितलंय.”

त्यांनी खिशातून तिचा फोन काढून तिच्या हातात दिला.

केतकीनं फोन घेतला. “अण्णा, एकटे नका जाऊ.”

“तू नाही यायचंस. ऐक माझं. एवढं एक ऐक.”

ते उंबऱ्यापर्यंत गेले आणि तिथंच थबकले. पायऱ्या सरळ खाली उतरत होत्या. अर्ध्या वाटेत वैभव वर चढताना दिसत होता, मागं आणखी चौघं-पाचजण. कुणाचीच घाई नव्हती. एकानं वाटेतली काठी उचलली होती आणि ती सहज झाडाझुडपांवर मारत तो येत होता.

भास्कररावांनी मागं वळून बघितलं. सोमगिरीबाबा सतरंजीवर सांडलेला भंडारा बोटांनी गोळा करत बसले होते.

“बाबा…” भास्कररावांनी दाराची चौकट धरली. “बाबा, मला भीती वाटतेय हो.”

बाबांनी मान वर केली. उठून आले, त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, आणि चपला घालून त्यांच्या शेजारी उंबऱ्याबाहेर उभे राहिले.

“वाटू दे,” ते म्हणाले. “इतकी वर्षं तुला वाटत नव्हती ना, तेव्हा मला वाटायची.”